माळवदाच्या घराला दोन खोल्यांची जोड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात, गावठाणापासून कोसभर अंतरावर मळ्यात हे घर आहे. पणजोबांच्या काळातलं, माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. भिंती अडीच ते तीन फूट जाड, दगड-मातीच्या. आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचान (लाकडी फळकुटांचा थर), त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उजेडासाठी छताला दोन साणी, धान्यासाठी माजघराच्या कडेला बळद. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत पंख्याविना झोप लागायची. हे घर पाडावंसं कुणालाच का वाटत नव्हतं, याचं निम्मं उत्तर त्या गारव्यात आहे.

घरात राहतात थोरले भाऊ अण्णा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आई. धाकटे भाऊ बापू पुण्यात नोकरीला. बहीण, म्हणजे ताई, शेजारच्या तालुक्यात दिलेली. तिचे यजमान, सगळ्यांचे दाजी, पुण्यातल्या इमारतींवर वीसेक वर्षं आधी सेंट्रिंगला आणि मग गवंडीकामाला होते. खरी नावं इथे दिलेली नाहीत. नाती मात्र आहेत तशीच ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण नात्यांवरच फिरतं. मी बापूंचा शिकतानाचा मित्र, पेशानं स्थापत्य अभियंता. माझा संबंध सल्ल्यापुरता.

या भागातल्या कुठल्याही घराच्या गोष्टीत ३० सप्टेंबर १९९३ येतोच. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याआधी हा सगळा टापू भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. या घराची त्या वेळी एक मागची भिंत फाटली आणि गोठा बसला, माणसं वाचली. पण आईंनी त्या दिवसापासून माळवदाखाली अंथरूण टाकलं नाही. पुढची तीसेक वर्षं त्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपत होत्या. दिवसभर घरात वावरायच्या, चुलीपुढे बसायच्या, आणि रात्री बाहेर. घरात यावर कुणी बोलत नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

नेमकी अडचण

वरवर पाहता अडचण जागेची होती. अण्णांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, नव्या सुनेसाठी खोली हवी होती, आणि घरात धड न्हाणीघर-संडास नव्हता. दुसरं म्हणजे आईंचं वय. ऐंशीच्या घरातल्या बाईनं मे महिन्यात पत्र्याखाली झोपायचं, हे बापूंना बघवत नव्हतं.

मला बोलावलं ते "दोन खोल्यांचा नकाशा काढून दे" म्हणून. जाऊन पाहिलं तर नव्या खोल्यांपेक्षा जुन्या घराचीच काळजी वाटली. मागच्या भिंतीला पोट आलं होतं, आणि ते चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेलं होतं. माळवदाची माती मोजली तर कडेला दीड फूट आणि मधे दोन फुटांच्या वर भरली. कारण साधं आहे. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्याअखेरीस नवी माती टाकायची, आणि जुनी कधीच उतरवायची नाही. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन वजन. पाच इंची स्लॅबचं वजन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं भरतं. हे आकडे अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "शंभर वर्षं पेललंय की." बरोबर आहे, खांब आणि तुळया उभं वजन पेलतातच. प्रश्न घर आडवं हलतं तेव्हाचा असतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पाडापाडीचा होता. सागवानाला आणि घडीव दगडाला गिऱ्हाईक असतं. व्यापारी येऊन भावही करून गेला होता. तो पैसा घालून नवं आरसीसी घर बांधायचं. अण्णांच्या मुलाला हेच हवं होतं. पैशाचा मेळ बसला नाही. जमीन शेतीची, बिनशेती न केलेली, त्यामुळे बँकेनं घरकर्जाला नकार दिला. बापूंच्या वैयक्तिक कर्जावर सगळं घर उभं राहणं शक्य नव्हतं.

दुसरा पर्याय गावातल्या गवंड्यानं सुचवलेला, आणि या भागात सर्रास होणारा. जुन्या मागच्या भिंतीला लागून तीन नव्या भिंती घ्यायच्या, चौथी भिंत जुनीच धरायची आणि तिच्यात खाचा पाडून स्लॅब टेकवायचा. एका भिंतीचा खर्च वाचतो, आतून थेट दार मिळतं. घरातल्या सगळ्यांचा कौल याच बाजूला होता. माझा ठाम विरोध होता. आरसीसीचा सांगाडा एका तऱ्हेनं हलतो, दगड-मातीची भिंत दुसऱ्या तऱ्हेनं. दोघांना एकत्र बांधलं की धक्क्यात एक दुसऱ्याला ढकलतो. आणि भूकंप राहू द्या, काळ्या रानात नुसता पावसाळा-उन्हाळाही पुरतो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. नवा आणि जुना पाया सारखे खालीवर होत नाहीत, आणि सांधा दरवर्षी उघडतो.

तिसरा पर्याय पत्र्याच्याच आणखी दोन खोल्यांचा. स्वस्त आणि हलका. पण मग आईंच्या मे महिन्याचं काय, हा प्रश्न जागच्या जागी राहात होता.

चौथा पर्याय म्हणजे नव्या खोल्या पूर्ण सुट्या, स्वतःच्या पायावर, जुन्या घरापासून चार फूट अंतर सोडून. मधल्या बोळावर हलका पत्रा. आणि त्याच कामात जुन्या माळवदाचं वजन उतरवणं, मागच्या भिंतीला जोडदगड (भिंतीच्या दोन्ही अंगांना आरपार धरणारे दगड) घालणं. हा पर्याय शेवटी घेतला. पण तो माझ्या बोलण्यानं पटला नाही. पटवला तो भिंतीनं स्वतः.

भिंत उघडली तेव्हा

थेट दार हवंच, असा वहिनींचा आग्रह होता. रात्री सासूबाईंकडे जायला अंगणातून वळसा कशाला, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. ठरलं असं, की दाजींनी मागच्या भिंतीतले चार-सहा दगड काढून आत काय आहे ते बघायचं, मग बोलायचं.

दाजींनी पहारीनं एक दगड सैल केला आणि हातानं ओढून घेतला. मागून मातीचा लोंढा आला. नुसती भुसभुशीत माती, खापऱ्या, कपच्या, ज्वारीची धाटं. बाहेरच्या अंगाला एक दगडी फळी, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधे हे भरताड. दोन्ही फळ्यांना शिवणारा एकही दगड त्या उघड्या जागेत नव्हता. दाजींनी हात कोपरापर्यंत आत घातला, वर-खाली फिरवला आणि अण्णांना म्हणाले, "ही एक भिंत न्हाई, दोन हायत. एकमेकीला धरून बी न्हाईत."

१९९३ मध्ये इतकी माणसं का गेली, त्याचं मोठं कारण नेमकं हेच होतं. धक्क्यानं दोन्ही फळ्या एकमेकींपासून सुटतात, एक बाहेर आणि एक आत पडते, आणि भिंतींवर टेकलेलं टनावारी मातीचं छत खाली येतं. दगडी भिंतीत उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर आरपार जोडदगड असावा, असं भारतीय मानक सांगतं. जुन्या गवंड्यांनाही ते ठाऊक होतं. पण लांब दगड घडवायला महाग, मग घाईत तो गाळला जायचा.

अण्णा त्या भोकापुढे बराच वेळ उभे होते. नंतर ते स्वतःच म्हणाले, दार नको. परसातल्या जुन्याच दारातून बोळात उतरायचं.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. माझ्या मते जुन्या घराला जोड देणाऱ्या प्रत्येकानं नकाशा काढायच्या आधी एकदा तरी भिंत उघडून बघावी. जाणत्या गवंड्याचं ते तासाभराचं काम असतं.

जावयाची हजेरी

दुसरा निर्णय बांधकामाचा नव्हता, आणि त्यावर सगळ्यांत जास्त दिवस गेले.

काम जाणणारा माणूस घरात एकच, आणि तो जावई. बापूंच्या हिशोबात "घरची मदत" या रकान्यात दाजींची मजुरी शून्य धरलेली होती. आईंना हे मुळातच मंजूर नव्हतं. जावयाला पाटावर बसवायचं, त्याच्या हातात थापी द्यायची नाही. अण्णांची अडचण वेगळी होती. दाजींनी काही चुकीचं केलं तर त्यांना बोलणार कोण? आणि दाजींना वाटत होतं, पैसे मागावेत तर सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा नाही, न मागावेत तर पुण्यातला रोजगार बुडतो. यातलं कुणीच कुणाशी बोललं नाही. सगळे मला फोन करून सांगत होते.

कोंडी ताईनं फोडली. ती माहेरी आली आणि भावांना म्हणाली, "ह्यांना हजेरी द्या, जी पुण्याला मिळते ती. नाहीतर पाया भरून हे जातील आणि तुम्ही अर्ध्या भिंती घेऊन बसाल." आईंचा मान राहावा म्हणून पैसे दर शनिवारी ताईच्या खात्यात जायचे, दाजींच्या हातात नाही. आणि एक गोष्ट बापूंनी तोंडी न ठेवता कागदावर लिहिली: बांधकामाबाबत शेवटचा शब्द दाजींचा, पैशाबाबत अण्णांचा, नकाशात बदल करायचा तर मला विचारून.

हजेरी सुरू झाली आणि बोलणं सोपं झालं. अण्णा वीट भिजवली नाही म्हणून विचारू लागले, दाजी सिमेंट उशिरा आलं म्हणून चिडू लागले. फुकट काम करणाऱ्या जावयाशी हे संवाद झाले नसते. नात्यातल्या कारागिराला दाम दिला की नातं बिघडतं असं म्हणतात. इथे दाम ठरवल्यानं ते सांभाळलं गेलं.

काम

वेळापत्रक पाण्यानं ठरवलं. मार्चनंतर विहीर तळ गाठते आणि स्लॅबला पंधरवडाभर पाणी मारायचं असतं. शिवाय फेब्रुवारीत ज्वारीची सुगी सुरू झाली की माणूस मिळत नाही. बापूंना रजा मे महिन्यात सोयीची होती. त्यांचं ऐकलं असतं तर टँकरच्या पाण्यावर स्लॅब पिकवावा लागला असता. पाया दिवाळीनंतर लगेच, स्लॅब जानेवारीत, असं ठरलं आणि तसंच झालं.

पाया काळ्या मातीतून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत नेला. साडेपाच फुटांवर तो लागला. जोत्यात निघालेली काळी माती परत भरायची नाही, मुरूमच आणायचा, यावर अण्णा कुरकुरले. माती फुकट, मुरमाला ट्रॅक्टरचं भाडं. पण फुगणारी माती फरशीखाली कोंडली की फरशी उचलतेच. चार फुटांचं अंतर इथेही कामी आलं. जुना पाया उथळ होता. त्याला खेटून साडेपाच फूट खोल खणलं असतं तर पोट आलेली भिंत खड्ड्यात उतरली असती.

कॉलमच्या रिंगा अण्णांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र रात्री अंगणात बल्बखाली वाकवायचे. फळीवर ठोकलेले खिळे, आठ मिलिमीटरची सळई, पान्याचा एक झटका. पहिला ढीग तयार झाला तो काटकोनात वाकवलेल्या टोकांचा, जसा आजूबाजूच्या सगळ्या कामांवर दिसतो. दाजींनी ढीग बाजूला ठेवायला लावला. टोक १३५ अंशांत वाकून काँक्रीटच्या पोटात शिरलं पाहिजे, नाहीतर धक्क्यात वरचं कवच फुटताच रिंग उघडते. "रिंग उघडली की कॉलम संपला," एवढंच ते म्हणाले. पोरांनी सगळ्या रिंगा परत वाकवल्या. सळई दुसऱ्यांदा वाकवणं चांगलं नाही, म्हणून ज्यांना वळणावर चीर दिसली त्या भंगारात गेल्या.

माळवद उतरवायला मात्र हजेरीची माणसं लावली नाहीत. त्यासाठी इर्जिक घातली. भावकीतले आणि शेजारच्या वस्त्यांवरचे पंचवीसेक जण एका सकाळी फावडी-घमेली घेऊन आले. इथे एकच नियम काटेकोर पाळायचा होता: माती सगळीकडून सारखी उतरवायची, एका कोपऱ्यात ढीग करायचा नाही, आणि खालून तुळयांना आधीच टेकू द्यायचे. दाजी वर शिडीपाशी उभे राहून प्रत्येकाला त्याचा पट्टा नेमून देत होते. दुपारपर्यंत थर आठ इंचांवर आला. ईशान्येच्या कोपऱ्यात किलचान कुजून भुगा झालेलं सापडलं, ते बदललं. वर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर पुन्हा पांढऱ्या मातीचा पातळ थर, पनाळीकडे उतार. कडेचा सुटा दगडी कठडाही काढला, कारण धक्क्यात सर्वांत आधी तोच खाली येतो.

मागच्या आणि बाजूच्या भिंतीत नेमून दिलेल्या अंतरावर आरपार भोकं पाडून, प्रत्येकात हूक केलेली सळई ठेवून काँक्रीट भरलं. जोडदगडाचं काम असं मागाहूनही करता येतं. एका वेळी एकच भोक. ते भरून घट्ट होईपर्यंत शेजारच्याला हात लावायचा नाही. चिकाटीचं, कंटाळवाणं काम. ते दाजी आणि एक बिगारी, दोघांनीच केलं.

आईंचा प्रश्न

जोतं झालं त्या दिवशी आई नव्या जागेत आल्या. दोरीनं आखलेल्या खोलीत उभ्या राहून विचारलं, "दार कुनीकडं उघडतंय?"

नकाशात ते बोळात उघडत होतं, जुन्या घराच्या समोर. जायला-यायला तेच सोयीचं. आई म्हणाल्या, भिंत पडली तर ती बोळातच पडणार. मग मी बाहेर कशी यायची?

नकाशा माझा होता, पण घरातल्या सगळ्यांनी तो पाहिला होता, आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दहा फूट उंचीची भिंत चार फुटांच्या बोळात पडली तर बोळ भरून उरेल. दोन्ही खोल्यांची मुख्य दारं अंगणाकडे फिरवली, तीही बाहेर उघडणारी. बोळाकडे फक्त एक छोटं दार ठेवलं, रोजच्या ये-जा पुरतं. मागच्या भिंतीचं जोडदगडाचं काम आधी आणि नव्या खोल्यांचा गिलावा नंतर, हा क्रमही तेव्हाच बदलला.

निष्पत्ती

मे महिन्यात लग्न झालं तेव्हा खोल्या राहण्याजोग्या होत्या. रंग बाकी होता. आई नव्या खोलीत झोपू लागल्या, पण पत्र्याची खोली काही दिवस मोडू दिली नाही. आता तिथे कडबा आहे.

खर्चाचा अंदाज साडेचार लाखांचा होता, गेले पावणेसहा. वाढीचा बराच भाग मुरूम, माळवद आणि भिंतीच्या दुरुस्तीचा, जो मूळ अंदाजात नव्हताच. घरच्या मदतीनं पैसा खरा वाचला तो तीन ठिकाणी: खणाई, पाणी मारणं आणि माळवद. कसबी कामात वाचला नाही. आणि एक रकाना बापूंच्या एक्सेलमध्ये शेवटपर्यंत आला नाही: चार महिने दहा-बारा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा, जो वहिनींनी एकटीनं केला. ती मजुरी धरली तर "घरच्या मदतीतली बचत" बरीच आटते.

तोट्याच्या बाजूला दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. माळवद पातळ झाल्यावर जुन्या घरातला गारवा कमी झाला. दुपारी आत पंखा लागतो, आणि वहिनी ते मला भेटीत ऐकवतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जुन्या घराच्या दोन पनाळी मागच्या अंगाला होत्या. त्यांचं पाणी पूर्वी मोकळ्या परसात पडायचं. आता ते बोळात पडू लागलं. पहिल्या पावसाळ्यात बोळात घोटाभर पाणी साठलं आणि जुन्या पायाकडे मुरलं. जी भिंत वाचवायला एवढा खटाटोप केला, तिच्याच मुळाशी पाणी. शहाबादी फरशी घालून उतार आणि गटार काढलं, ते श्रावणात, चिखलात, दुप्पट मजुरी देऊन.

वेगळं काय करता आलं असतं

पनाळींची तोंडं माळवद उतरवलं त्याच दिवशी पुढच्या अंगाला फिरवता आली असती. उतार नव्यानं द्यायचाच होता, वर पंचवीस माणसं होती. नंतर ते करायचं म्हणजे पुन्हा माती हलवणं आलं. बोळाचा पत्रा, दोन्ही घरांचं पाणी आणि जमिनीचा उतार हे तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी ठरवले. एकाच कागदावर ते आले असते तर चूक दिसली असती.

गारवा कमी होणार हे मला आधी माहीत होतं आणि मी ते सांगितलंही, पण अण्णांना. घरात दुपारी असतात वहिनी. त्यांच्याशी बोलून पातळ मातीवर चुन्याचा पांढरा हात फिरवणं, साण्यांना जाळी लावून ती रात्री उघडी ठेवणं, हे उपाय त्याच वेळी ठरवता आले असते. आता ते एकेक करून चाललेत.

समोरच्या भिंतीला जोडदगड घातलेले नाहीत. तिथे घडीव दगड आहे, दारावर कोरीव गणेशपट्टी आहे, आणि भोकं पाडायला अण्णांचा हात धजत नाही. आतल्या अंगानं काम करून बाहेरचा चेहरा राखता येईल, असं दाजींचं म्हणणं आहे. मला ते शक्य वाटतं, पण त्यासाठी ढाळजेतलं, म्हणजे दारालगतच्या पडवीतलं, सामान महिनाभर हलवावं लागेल. अण्णा दर सुगीनंतर करू म्हणतात.

राहिला कागदाचा भाग. सातबाऱ्यावर आई, दोघे भाऊ आणि ताई अशी चौघांची नावं आहेत. खोल्यांचा पैसा मुख्यतः बापूंचा, राहणार अण्णांचं कुटुंब, राबले दाजी. काम सुरू करताना अधिकारांचा कागद लिहिला, तेव्हाच मालकीचाही लिहायला हवा होता. त्या वेळी सगळे एका पंगतीला बसत होते. ताईनं विषय काढला आहे. बापू पुढच्या खेपेला वकिलाला भेटणार आहेत.